वाढदिवसाचं सूप आणि मानेतली गाठ

बुसान, ९ मार्च

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी आईला सूप मीच पाजलं. ऑपरेशनला उपाशीपोटी यायचं असतं हे मला ठाऊक होतं. तुम्ही तारीख धरली नेमकी तिच्या वाढदिवसाची. त्या दिवशी रीतीचं समुद्री शेवाळाचं सूप प्यायल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. मग पातळ असतं, चालतं, अशी थाप मारली. तुम्ही हिरवा डगला चढवून ताटकळलात, त्याचं वाईट वाटतं. थोडंच.

प्यो डॉक्टरीणबाई म्हणतात, थायरॉइडची गाठ बारीक आहे, कॅन्सर असला तरी धोका कमी. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करू, वाढली तर कापू. तुम्हाला मात्र आजच सुरी हवी. या ऑपरेशननंतर कधीकधी आवाज बसतो, हे तुम्हीच बोलून गेलात. आमचा मासळीचा गाळा आईच्या आरोळीवर चालतो, मामा. तुमचं डॉक्टरकीचं कॉलेजही त्याच आरोळीवर झालं.

लोभ आटला असेल, पण तळाशी थोडा राहू द्या.
तुमचा सोकजू

देगू, १४ मार्च

चि. सोकजू,

आशीर्वाद पुढच्या पत्रात, सुधारलास तर.

वर्गात शेवटून दुसरा येणारा पोरगा मला डॉक्टरकी शिकवणार? कॅन्सर म्हणजे काय टीव्ही आहे, बघत बसायला? तुझ्या त्या प्यो बाईंना मी भर परिषदेत तोंडावर सांगितलंय, हा उपचार नाही, आळस आहे. उद्या गाठ पसरली तर त्या फाइल मिटून घरी जातील. मी कुठे जाऊ? पूर्वजांच्या पूजेला सगळं खानदान माझ्याकडे बघेल. एकदा एका बाईला थांबू म्हणालो होतो. तिच्या मुलानं धरलेली माझी कॉलर अजून सुटलेली नाही.

नवी तारीख वीस. स्वयंपाकघराकडे फिरकलास तर तंगडी मोडेन.

ताईला नमस्कार सांग. तुला काही नाही.
मामा

बुसान, १७ मार्च

ती. स्व. मामा,

नमस्कार घेत नसलात तरी दारात ठेवून जातो.

कॉलरचं माहीत नव्हतं. तुम्हाला मनातल्या मनात ठेवलेली नावं मागे घेतली, एक सोडून. पण वीसला आई येणार नाही. थाप मी मारली हे खरं, पण आई फसली नव्हती. पहिली वाटी संपल्यावर तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि वाटी पुढे करून अजून वाढ म्हणाली. तीही संपवून म्हणाली, मामाला सांग, मीच आईला फसवलं म्हणून. तुझ्यावर तो ओरडेल आणि विसरेल. मी नको म्हटलं तर त्याला वाटेल, ताईचा माझ्या हातावर भरवसा नाही, आणि ते तो जन्मभर विसरणार नाही.

सप्टेंबरात सोनोग्राफीला या. प्यो बाईंशी पोटभर भांडा, पण पडद्यावरची गाठ तुम्हीच मोजा. वाढली म्हणालात तर आई त्याच दिवशी टेबलावर झोपेल, असं तीच म्हणते.

आणि त्या दुसऱ्या वाटीचं कुणाला बोलू नका, आईला तर मुळीच नाही. पाया पडतो, मामा. मला हवं तेवढं बदनाम करा, पण एवढं पोटात ठेवा.

तुमचाच,
सोकजू