दारावरची पट्टी

रविवार, १२ जानेवारी

चिरंजीवांस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू खुशाल आहेस, असं मी सोयीने धरून चालतो.

इकडची बातमी अशी की निवृत्तीनंतर मला नोकरी लागली आहे. पगार नाही, अपमान मात्र वेळच्या वेळी. धाकटीच्या कॉलेजच्या सिनेमाचं शूटिंग आपल्याच घरात चाललंय आणि मी कंटिन्युइटी सांभाळतो. आधीच्या शॉटमध्ये चष्मा डोळ्यांवर होता की कपाळावर, हे लक्षात ठेवायचं. जन्मभर श्लोकांचा पूर्वापरसंबंध लावला, आता कपबशीचा लावतो.

धाकटी कडक मास्तरीण आहे. म्हणते, कॅमेरा एकाच बाजूला ठेवायचा; नाहीतर समोरासमोर बोलणारी माणसं एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. मी म्हटलं, "तुझा दादा दार आपटून गेल्यापासून आपल्याकडे त्यासाठी कॅमेरा लागत नाही." हसली नाही.

नायिका तुझी आई. फुकटात दुसरं कोणी मिळेना.

पहिली चूक मीच पकडली. लांबच्या शॉटमध्ये आईने कप उजव्या हाताने उचलला, जवळच्या शॉटमध्ये डाव्या. पुन्हा घेतला, पुन्हा डावाच.

"आई, हात का बदलतेस?"

"अगं, कप तोच आहे ना?"

मग हट्टाने उजव्याने उचलला आणि कप फुटला. मी मागचे सगळे शॉट लावून पाहिले. उजवा हात मांडीवर. उजवा हात टेबलाखाली. रोज मी तिच्यासमोर जेवायला बसतो, आणि दिसलं ते पडद्यावर.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शूटिंग तिने थांबवू दिलं नाही. "आधी सिनेमा संपवा. मग उघडा माझं डोकं. आत काही सापडलं तर मलाही दाखवा." शुक्रवारी उघडणार आहेत.

शेवटच्या शॉटमध्ये मुलगा दारात येतो आणि आई त्याच्याकडे बघते. मुलाचं काम करणारा त्या दिवशी आला नव्हता, म्हणून धाकटीने चौकटीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टी लावली. आईची नजर दर वेळी वीतभर वर.

"आई, पट्टीकडे बघ ना!"

"तो एवढा बुटका नाही."

नजर चुकतेय हे सांगणं माझं काम. मी म्हटलं, "बरोबर आहे. ठेव हाच."

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. "माझ्या बोलण्याने गेला, आजारपणाने यायला नको." तेव्हा मी तुला काहीही कळवलेलं नाही. फक्त शूटिंगची हकीकत लिहिली आहे.

सामान आवरताना धाकटीने पट्टी काढली होती. आज सकाळी पाहतो तर ती पुन्हा चौकटीवर, वीतभर वर. जरा वाकडी आहे. डाव्या हाताने लावलेली.

मी काढलेली नाही.

दाराकडे तोंड करून बसलेला,
तुझा बाबा