टाकीखालची माती

सोलगोल,
४ ऑक्टोबर २००९

तीर्थरूप दोकसूमामांस,
भाची मीसुनचा शि. सा. न. वि. वि.

सतरा वर्षांनी माझं पत्र बघून रागावाल, पण फाडू नका, आधी वाचा.

बाबांनी पेट्रोलपंप बंद केला. जागा विकायची तर माती तपासून घ्यावी लागते, म्हणून टाक्या उकरून काढल्या आणि जागोजाग भोकं पाडून माती काचेच्या बरण्यांत भरून नेली. टाक्या धडधाकट निघाल्या. पण त्यांच्यापासून पंपाकडे जाणारा नळ सांध्यापाशी सडला होता. त्याखालची माती निळसर काळी, आणि वास असा की डोळ्यांना धार लागावी. गळती वीस वर्षांची तरी असेल, असं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

मामा, बाबा रोज सकाळी टाकीत काठी बुडवून माप घ्यायचे. तुम्ही पंपावर कामाला होता तेव्हा कमी भरणारं तेल तुम्हीच चोरता, असं त्यांनी भर अंगणात म्हटलं. ते तेल जमिनीत जात होतं. तुम्ही गेल्यावरही माप कमीच येत राहिलं, तेव्हा त्यांनी काठी हातात घेणंच सोडलं. हे त्यांनी मला परवा सांगितलं, खड्ड्याच्या कडेला बसून, लहान मुलासारखं रडत.

त्यांना तुमची माफी मागायची आहे. गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, नाहीतर तेच आले असते. सोळा नोव्हेंबरला आईचं दुसरं श्राद्ध आहे. ती गेली तेव्हा बाबांनी तुम्हाला कळवू दिलं नाही, याची मला अजून लाज वाटते. या वेळी याल ना?

वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि माझ्यावर राग असला तरी लोभही असू द्या.
तुमची,
मीसुन


तोंगयोंग,
१९ ऑक्टोबर २००९

चि. मीसुनला दोकसूमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीने उकिरडा उकरावा तसंच आहे. तीनदा वाचलं. मी जाळी विणतो, ठीक आहे, दात मात्र अर्धेच उरलेत, तेव्हा माझ्यासाठी भात मऊ शिजव.

भावजींना सांग, माफी नको. मला गळती ठाऊक होती. त्या उन्हाळ्यात नळाजवळची माती उकरली, तर हाताचा वास दोन दिवस गेला नाही. बोललो असतो तर सरकारी कचेरीने पंपाला टाळं ठोकलं असतं. थोरल्या जोंगहीचं लग्न ठरलेलं, तुझी शाळा. तुझ्या आईने मला पाठीला बांधून वाढवलं. तिचा संसार उघड्यावर येण्यापेक्षा चोर म्हणवून घेतलेलं बरं, असं वाटलं. घरची विहीर तर पंपाच्या वरच्या अंगाला. तेल चढावर जातं कुठे? जमिनीत मुरेल आणि संपेल, एवढीच माझी अक्कल.

एक विचारतो. ताई कशाने गेली? ती गेल्याचं मासळीबाजारातल्या एका बाईकडून कळलं, बाकी काही नाही. मी येतो. भावजींना थंडीत खड्ड्याशी बसू देऊ नकोस.

तुझा,
मामा


सोलगोल,
१९ नोव्हेंबर २००९

ती. सौ. जोंगहीताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का? तू असायला हवी होतीस. मी एकटी कमी पडले.

मामांचं पत्र आलं त्याच आठवड्यात विहिरीच्या पाण्याचा निकाल आला. पाण्यात तेल उतरलं होतं; जमिनीखालचं पाणी वरचा उतार बघून वाहत नाही, असं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. पंधरा वर्षं घरात नळाचं पाणी आहे, विहिरीचं कोणी पीत नव्हतं. आई सोडून. तुला आठवतं ना, पहाटे ती विहिरीचं पहिलं पाणी वाडग्यात काढून लोणच्याच्या रांजणांपाशी देवाला ठेवायची, भावाला सुखी ठेव म्हणायची, आणि देवापुढचं पाणी टाकू नये म्हणून पिऊन टाकायची. चव बदललीय म्हणायची. आम्ही हसायचो, तुझं तोंड म्हातारं झालं म्हणायचो. तिचा रक्ताचा आजार त्यामुळेच, असं डॉक्टर नक्की सांगत नाहीत. नाही असंही म्हणत नाहीत.

मी मामांना लिहिलं की आई झोपेत गेली, हृदय थांबलं. बाबांनाही तेच सांगायला बजावलं.

मामा आले. बाबा गुडघे दुखत असताना त्यांच्यापुढे जमिनीवर वाकले, मामांनी त्यांना उठवलं, दोघं एकमेकांना धरून बराच वेळ उभे होते. मला वाटलं, निभावलं. मग मामा परसात गेले. विहिरीला फळ्या ठोकून कचेरीने पाणी पिण्यास बंदी असल्याचा कागद लावलाय, तो मी काढायला विसरले. त्यांनी तो दोनदा वाचला. बाबा घाईने म्हणाले की ही विहीर कोण वापरतंय, पंधरा वर्षं कोणी थेंब घेतला नाही. बाबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही मामांसाठी.

मामांनी मान हलवली. मग हळूच विचारलं की त्यांची ताई पहाटेच्या वाडग्यात पाणी कुठलं घ्यायची. लहानपणी त्यांच्या आईचीही तीच रीत होती.

ताई, बाबांची नजर विहिरीकडे गेली, आणि मामांनी ती पाहिली.

श्राद्धात त्यांनी रीतीप्रमाणे आईच्या नावाची दारू ओतली, नमस्कार केला, आणि कपाळ जमिनीवरून उचललंच नाही. शेवटी मी आणि बाबांनी धरून बसवलं. काल सकाळी न जेवताच परत गेले. तू त्यांना पत्र लिही. काय लिहायचं ते मला विचारू नकोस.

मुलांना आशीर्वाद. आमच्यावर माया असू दे.
तुझी,
मीसुन