खुराड्याची फळी शाबूत होती

पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळायचे आणि आई "या गं याऽऽ" म्हणून कोंबड्यांना साद घालायची. सत्तर वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे. त्याअर्थी बुद्धी ठिकाणावर आहे असं धरून मी, निवृत्त शाळामास्तर, वय अठ्ठ्याहत्तर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे.

१. राहतं घर मुलीला. विकलं तरी तक्रार नाही. कवितांच्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळाव्यात.

२. हे कलम माझ्या धाकट्या भावाबद्दल. तो सुतार. कोंबड्या माझ्या बायकोच्या. "दिवसा मोकळ्या फिरू द्या, दिवेलागणीला मोजून आत घ्या," एवढंच ती जाताना सांगून गेली. भावानं खुराडं बांधून दिलं आणि बजावलं, "दादा, कडी घालण्याआधी वाकून बघ. कविता नंतर म्हण."

मी कविता म्हणतच मोजायचो. एका कोंबडीला एक ओळ, बाराव्या ओळीला कडी. त्या संध्याकाळी बारावी सावली आत शिरली, ओळ सुरेख जुळली, मी कडी घातली. सावली रानमांजराची होती. बारावी कोंबडी झाडावर बसून राहिली होती.

सकाळी दार उघडताच मांजर माझ्या पायांमधून निसटलं. आत अकरा जणी पडल्या होत्या. त्यांची पळायची वाट मीच बंद केली होती.

लोकांना मी सांगितलं, फळी सैल होती. भावाकडे काम घेऊन कोणी येईना. त्यानं माझा उंबरा सोडला, त्याला दोन वर्षं झाली. फळी शाबूत होती. आजही आहे. कविता मात्र मी पुन्हा म्हटली नाही.

३. उरलेली कोंबडी भावाला. भीतीपोटी मी तिला कोंडूनच ठेवलं. आता दार उघडलं तरी ती बाहेर येत नाही. जमलं तर त्यानं तिला अंगण दाखवावं. नको म्हणाला, तर कोणत्या तोंडानं आग्रह करू?

ठिकाण: राहतं घर, अंगणाकडची खोली.
दिनांक: ९ मार्च, दुपार.
सही: मास्तर

साक्षीदार पहिला: शेजारच्या शिंपीणबाई. सही करून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मेल्यावर हे वाचून तुमच्या भावाला काय उपयोग?" आणि तरातरा निघून गेल्या.

साक्षीदार दुसरा: पोस्टमन येईल तेव्हा.

ता. क. दार वाजलं. पोस्टमन असेल म्हणून उघडलं, तर भाऊ. बसला नाही. उंबऱ्यातूनच म्हणतो, "दुसरं कलम वाच, दादा. मोठ्यानं. आणि चालीत नको."