पार्सलातली वीण

प्रिय ठमे,

पार्सल पोहोचलं. हिवाळी सुट्टीच्या पहिल्या दिवशीच उघडायचं हा तुझ्या शाळेपासूनचा आपला नियम मी पाळला, पण तुझ्या बाबांना कुठला धीर! कात्री घेऊन दोरी कापायलाच निघाले. मी गाठ सोडवून दोरी गुंडाळून ठेवली, कागदाचीही घडी केली. वड्या आधी देवापुढे ठेवल्या, मग त्यांना एक दिली. साखर जरा जास्त पडली आहे. यांनी स्वेटर अंगात चढवला, कानटोपी घातली आणि घामाघूम होईपर्यंत शेजारच्या मास्तरांकडे बसून आले. लेकीने ऑफिस सांभाळून हाताने विणलंय, म्हणे. मास्तर म्हणाले, आमची सून साधं बटण लावत नाही. झालं, तेव्हापासून यांचे पाय जमिनीला लागत नाहीत.

मी मात्र चिडले आहे, स्पष्टच लिहिते. दरवर्षी मी तुला खाऊ पाठवते आणि तू दुकानातलं काहीतरी लोकरीचं पाठवतेस. मला माझी ती ठरलेली देवाणघेवाण बरी वाटते. यंदा हे काय? स्वेटर, मफलर, कानटोपी, दोघांचे मोजे, वर हातमोजे, आणि सगळं हाताने विणलेलं. शिवाय वड्या, त्याही घरी केलेल्या. हातमोजे घालून मी भांडी घासू की जप करू?

मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, पण विणकाम मला वाचता येतं. मफलर तू सगळ्यात आधी केलास. कडा वेड्यावाकड्या, मध्ये एक टाका निसटलेला. स्वेटरची पाठ आवळून आली आहे, पुढचा भाग त्याहून बरा, दुसऱ्या बाहीपाशी तुझा हात बसला. कानटोपी तर माझ्या हातची वाटावी. शाळेत असताना दोन ओळी विणून सुया फेकणारी तू! असा हात चार रविवारांत बसत नाही गं. त्याला दिवसभर सुया हातात लागतात, तेही महिनोन्महिने. वड्यांचंही तेच. दूध आटवताना गॅसपासून हलता येत नाही, आणि तू लिहितेस की जेवायला फुरसत नाही.

तर ठमे, नोकरी कधी गेली?

नोकरी गेली म्हणून मी रागावले नाही. जाते, दुसरी मिळते. पण तीन पत्रांत तू लिहिलंस की साहेब फार काम देतात, आणि मी वेड्यासारखी रोज देवाला सांगत बसले की पोरीचा भार जरा हलका कर. आता त्याने तरी काय करावं!

हे विचारायचं सोडून देणार होते. मग राहवेना. तू तीन वर्षांची असताना बाबांचा कारखाना बंद पडला. त्या हिवाळ्यात हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी जुनी लोकर उसवून सहा स्वेटर विणले. एक तुझ्या आजीला, माझ्या आईला, पाठवला आणि लिहिलं, हे सध्या रजेवर आहेत. तिचं उत्तर आलं, स्वेटर अंगाला छान बसला. बस्स, एवढंच. तिला सगळं कळलं होतं, मला ओशाळवाणं वाटू नये म्हणून ती बोलली नाही, हे ती गेल्यावर तुझ्या मावशीने सांगितलं. पण तो अख्खा हिवाळा मी पोस्टमनची वाट बघत होते, की एकदा तरी ती विचारेल. ती फार समजूतदार होती. मी नाही. मी विचारते आहे. बाबांना अजून काही बोलले नाही. आधी मला खरं लिही.

तुझीच, चिडलेली,
आई