पाचव्या पिशवीतली बाटली

रविवार, ९ नोव्हेंबर

सगळ्यांत आधी आला तो हर्षद. पाचला बोलावलं होतं, हा साडेचारलाच दारात. बाटली वर्तमानपत्रात अशी गुंडाळलेली की समोरच्या मीराबाईंना बरोबर कळावं. त्यांनी विचारलंच, "काय हो, पूजा आहे का?" म्हटलं, "नाही, मुलांची परीक्षा आहे." खोटं नाही बोलले.

मग देवव्रत. उंचच्या उंच, आल्या आल्या वाकून नमस्कार. शेवटी जान्हवी, रिक्षावाल्याशी भांडून. तिघंही माझ्या नातीबरोबर, श्रुतिकाबरोबर, वाइनचा कोर्स केलेली. आळीपाळीने एकेकाच्या घरी बसतात. या वेळी आमच्याकडे, कारण सुबोध आणि सूनबाई देवगडला घराची कौलं बदलायला गेलीत. सुबोध इथे असता तर बसली असती होय! मुलगा माझाच, पण लेक नाशिकला वाइनच्या कारखान्यात नोकरीला जाणार हे त्याच्या घशाखाली उतरत नाही. अजून लागली नाहीये म्हणा. सहा डिसेंबरला बोलावलंय. पुढ्यात ग्लास ठेवणार, वास घेऊन सांगायचं काय काय आहे ते. सांगता आलं तर नोकरी.

तर खेळ असा. बाटली कुठली ते कुणी बघायचं नाही. म्हणून बाटल्या पिशवीत घालायचं काम माझ्याकडे — मी पीत नाही आणि मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणजे दोन्हीकडून भरवशाची. चौथीपर्यंतची शाळा पहिल्यांदाच उपयोगी पडली. जुन्या परकराच्या पाच पिशव्या शिवल्या, वर लाल दोऱ्याने आकडे. आधी नुसता वास, तो चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या वाचायच्या, मग घोट. आणि घोट घेऊन थुंकायचा! एवढी महागाची वस्तू. थुंकायला भांडं मागितलं तेव्हा माळ्यावरून ह्यांची पितळी पिकदाणी काढली. गिरणी सुटली, लालबाग सुटलं, मुलुंडला आलो, हे गेले, पिकदाणी आहे. देवव्रत म्हणाला, "झकास आजी. असली हॉटेलात पण नसते."

मलाही ग्लास दिला, हुंगण्यापुरता. पहिल्या पिशवीला हर्षद म्हणे लिंबू, जान्हवी म्हणे हिरवं सफरचंद. मला विचारलं. म्हटलं, पेरू कापल्यावर सुरी हुंगावी तसं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि हळूच दोघांनीही चिठ्ठीवर पेरू लिहिलं. चोर कुठली. दुसरीत मध, त्यावर कुणाचं भांडण नाही. तिसरीत सगळ्यांना जांभूळ. मला जांभूळ, आणि मागून ओलं गोणपाट.

हर्षद हसला. "आजी, वाइनमध्ये गोणपाट?"

देवव्रतने पुन्हा नाक घातलं. मग म्हणाला, "बूच खराब आहे यार. बाटली गेलीय. आपल्याला चौघांना कळलं नाही, आजींना कळलं."

काय सांगू, त्यानंतर माझी मान ताठच राहिली. चौथीला जान्हवीची मिरी, हर्षदची व्हॅनिला, देवव्रतचं चामडं. चामड्यावरून जुंपली. मला ह्यांच्या तंबाखूच्या डबीचा वास आला. रिकाम्या डबीचा, भरलेल्या नाही. तसं सांगितलं. कुणी हसलं नाही. जान्हवीने ते लिहून घेतलं.

पाचवी पिशवी. चिठ्ठ्या देवव्रतने वाचल्या. जान्हवीची — "सोलकढी??" हर्षदची — "सोलकढी. मला वेड लागलंय." त्याची स्वतःची — "कोकम, पण कसं शक्य आहे?" श्रुतिकाची — "काळं जांभूळ, लाकूड, थोडी व्हॅनिला. महागातली असणार."

पिशवी काढली तर आत माझं आगळ. कोकमाचा मीठ घातलेला रस, दुपारच्या सोलकढीला काढलेला. श्रुतिका आणते त्या रिकाम्या वाइनच्या बाटल्यांतच मी तो भरते, बूच घट्ट बसतं. बाटली ओट्यावर राहिली ती गेली पिशवीत. खरी पाचवी मिक्सरच्या मागे. हर्षद लादीवर लोळायचाच बाकी होता. "महागातली म्हणे! श्रुतिका, तू पण ना!" तीही हसली. मी तर पोट धरून.

जाताना सगळी सोलकढी पिऊन गेली. ती मात्र कुणी थुंकली नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

कालचं हसू सकाळी चहा गाळतानाच उतरलं.

देवगडची पोर. दात यायच्या आधी माझं आगळातलं बोट चोखलेली. तिघं परक्या घरची मुलं नुसत्या वासावर ओळखतात, आणि हिला जांभूळ?

मग एकेक आठवत गेलं. ऑक्टोबरात दूध करपलं तेव्हा ही हातभर अंतरावर टेबलाशी होती. मी मोबाइलच्या नावाने ओरडले. दसऱ्याच्या सुमारास फ्रिजमधली विटलेली मुगाची उसळ पोळीत गुंडाळून खात होती, मी हातातून ओढून घेतली. आणि काल. पूर्वी वास घेताना डोळे मिटायची. काल उघडे होते. ग्लास नाकाशी, डोळे बाकीच्यांच्या तोंडाकडे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

विचारणार होते. नाही झाला धीर.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी आठ वाजता दारं-खिडक्या लावून तव्यावर सुकट भाजली. मुद्दाम. पाच मिनिटांत मीराबाईंनी बेल वाजवली — "आज काय बेत?" वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटली. श्रुतिका आंघोळ करून, इस्त्रीचा ड्रेस घालून बाहेर आली, तव्यापासून दोन हातांवर उभी राहिली, केस पुसत विचारते, "आजी, आज नाश्त्याला काय?"

मी गॅस बंद केला. म्हटलं, "कधीपासून गो?"

आधी "काय कधीपासून" म्हणाली. मग तव्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसली. "गणपतीतल्या तापापासून. काही म्हणजे काही येत नाही आजी. भिंत हुंगल्यासारखं."

डॉक्टरला दाखवून आली होती, एकटीच. तो म्हणाला, येईल किंवा नाही येणार, सांगता येत नाही. चार वस्तू घ्या, रोज दोनदा हुंगा. पंधरा दिवस केलं, सोडून दिलं.

"मग चिठ्ठ्या कशा लिहितेस?"

"रंग बघून. पाठ आहे सगळं."

"आणि सहा तारखेला?"

"रंग बघून."

मग म्हणाली, "बाबांना नको सांगूस. ते म्हणतील, बरं झालं, सुटलीस." माझा पोरगा, पण म्हणेल तसं. सुकट मीच खाल्ली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आजपासून पुन्हा सुरू. कुंकवाच्या चार रिकाम्या डब्या — लवंग, हिंग, तिरफळ, आणि कापसावर निलगिरीचं तेल. माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने तिचे डोळे बांधायचे, डबी नाकाशी धरायची. सकाळी देवपूजा झाल्यावर, संध्याकाळी दिवा लावल्यावर. म्हणजे चुकायचं नाही.

"हे काय?"

"हिंग."

लवंग होती. म्हटलं, "अंदाज मारायचा नाही. आला तर आला म्हण. नाही तर नाही."

"तू कोर्सच्या सरांपेक्षा कडक आहेस."

"त्यांना पगार होता."

पट्टीखाली हसली. दिवसाकाठी तेवढं पुरलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नाही. नाही. नाही. नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

हर्षदचा माझ्याच मोबाइलवर फोन. "आजी, तुमची नात फोन उचलत नाही. पुढची बैठक कधी? आगळ आहे ना?" हसून वेळ मारून नेली. हा मुलगा बडबडतो ते मला फार आवडतं, माझ्यासारखाच आहे. त्याच्याशी खोटं बोलताना वाईट वाटलं.

श्रुतिकाला म्हटलं, "बये, त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. ती लपवायला मी काय बाटली पदराखाली घातली? सगळ्यांसमोर पिशवी काढली ना?"

"तुझी नोकरी नव्हती जात."

खरं आहे. लवंग बदलली, जुनीचा वास उडाला होता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज तिने नाशिकला फोन लावला. मी सांगितलं नव्हतं. मी शेंगा सोलत समोर बसले होते, मला तिचीच बाजू ऐकू आली. "हो मॅडम... नाही, सर्दी नाही. वास येत नाही मला... ऑगस्टपासून... हो, आधीच सांगायला हवं होतं." मग बराच वेळ नुसतं हं, हं. एकच शेंग मी चारदा सोलली असेन.

जानेवारीच्या शेवटी या म्हणाल्या. तोवर जागा ठेवतील. त्यानंतर नाही.

मग तिघांना एकदमच फोन केला. जान्हवी आधी रडली आणि मग शिव्या. "आणि आम्ही हसलो गं, गाढवासारखे! सांगायचं नाही?" देवव्रत म्हणाला, "सात डिसेंबरला, रविवारी पाचला येतो. वाइन नको. आजी पिशव्या भरतील घरातल्याच वस्तूंच्या. आम्हीही डोळे बांधून बसतो. बघू कोणाला काय येतं."

मी परकर शोधायला लागले. बारा पिशव्या तरी लागतील.

सोमवार, १ डिसेंबर

सुबोधचा फोन. कौलं झाली, पंधरा तारखेला निघतात. श्रुतिकाने फोन मागून घेतला, गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. अर्ध्या तासाने परत आली. म्हणाली, "बाबा विचारत होते, नाकात घालायला तूप आणू का गावचं?" म्हणजे त्याला कळलं. आणि सुटलीस म्हणाला नाही.

डब्या — चारही नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

दूध गॅसवर ठेवून खाली फुलं आणायला उतरले, फुलवाल्याशी बोलत राहिले, विसरलेच. वर आले तर गॅस बंद, आणि श्रुतिका टोपावर वाकून रडतेय. मला वाटलं हात भाजला. म्हणाली, "करपलंय गं, आजी. मी आतल्या खोलीत होते. दार लावून."

अर्धा लिटर गेलं. टोप घासला नाही, ओट्यावर तसाच ठेवलाय. ती येता-जाता त्यात नाक घालते. मुलं रविवारी पाचला येणार. तोवर मी त्याला हात लावत नाही.