गणित कोण शिकवणार?

डोंबिवली, सोमवार, ७ जून १९५४

शेवटी हेडमास्तर झाले ते चेअरमनसाहेबांचे मेहुणे. शाळा सुटल्यावर मुंबईला धावत एम. एड. केलं ते मी.

"मास्तर, तुम्हाला हेडमास्तर केलं तर मॅट्रिकला गणित कोण शिकवणार?" मुलाखतीत चेअरमनसाहेबांनी एवढंच विचारलं. कमिटी हसली. मीही हसलो. का हसलो मी? थोडं वाईट शिकवलं असतं तर आज त्या खुर्चीत असतो!

आज मेहुणे कोरा तक्ता घेऊन माझ्याकडे आले. "तुमचा प्रबंधच वेळापत्रकावर आहे ना? मग टाका करून." टाका करून म्हणे!

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, मुद्दाम घोळ घालून ठेवा. बसू दे निस्तरत." मीही तेच ठरवून तक्ता पुढ्यात ओढला. पण घोळ निस्तरणार कोण? मुलंच ना? मेहुण्यांना शिकवता येत नाही, म्हणून त्यांना पाचवीच्या शुद्धलेखनाचा तास दिला. तिथे फारसं काही बिघडणार नाही. मग एकेक चौकोन भरत गेलो.

मॅट्रिकचं गणित तेवढं राहिलं. कोण शिकवणार? त्या चौकोनात मी माझ्याच हाताने माझं नाव लिहिलं.