वर राहिलेला हात

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आईच्या आठवणींसाठी अठरा तारखेला, रविवारी, तिच्या शाळेत सभा ठेवली आहे. तिचे जुने विद्यार्थी येणार आहेत. वायरमन आहे, नर्स आहे, एक तर पायलट झालाय. सगळ्यांचं म्हणणं एकच, बाईंनी आम्हाला बोलतं केलं. पहिलं भाषण तुझं. तुला न विचारता पत्रिका छापली हे कबूल. विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस.

माझी ठमी, आजी गेल्यापासून नीट जेवतही नाही. आत्या येणार का, एवढंच रोज विचारते.

राग धर, पण ये. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्रिका मिळाली. माझं नाव खोडून टाक.

बोलतं केलं म्हणे! तू दुसऱ्या तुकडीत होतास, तुला काय ठाऊक. तिसरी-चौथी, दोन वर्षं मी आईच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. मुलीला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने मला एकदाही प्रश्न विचारला नाही. उत्तर येत असायचं रे. हात वर करून करून खांदा भरून यायचा, आणि ती शेजारणीला उठवायची. घरी मी तिची भिंगरी, वर्गात मी नव्हतेच. पुढे मी हात वर करणंच सोडलं. नोकरीतही तीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं लघुलिपीत उतरवून घेतेय, स्वतः चकार शब्द काढत नाही.

तुझ्या ठमीला मात्र डोक्यावर घेऊन नाचली. माझ्या वाट्याला बाई आल्या, तिच्या वाट्याला आजी.

आले तर हेच बोलेन, सगळ्यांसमोर. चालेल का, कळव. तुझ्यावर राग नाही, माया होती तेवढीच आहे.

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही चालणार. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. आईला चव्हाट्यावर उभं करायचं असेल तर येऊच नकोस. मुख्याध्यापकांना तुझी तब्येत बरी नाही असं सांगतो. हे लिहिताना मला काय वाटतंय ते माझं मला माहीत.

कसाही असलो तरी तुझाच,
धाकटा

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

बाबांना न सांगता लिहितेय. तुझं पत्र टेबलावर होतं, मी वाचलं. चुकलंच माझं. पण भिंगरी म्हणजे तू, हे मला माहीतच नव्हतं गं.

लहानपणी आजी आणि मी रोज दुपारी मागच्या खोलीत शाळा शाळा खेळायचो. कपाटाचं दार म्हणजे फळा. मी बाई, हातात पट्टी. आजी पार कोपऱ्यात, बुटक्या स्टुलावर. तिथे ती भिंगरी नावाची मुलगी व्हायची आणि हात वर करून बसायची. एकदा मी मुद्दाम तिच्याकडे बघितलंच नाही. बाहुलीला विचारलं, उशीला विचारलं. आजीचा हात थरथरायला लागला तरी ती खाली घेईना. शेवटी तीच म्हणाली, बाई, भिंगरीला विचारा ना, तिला सगळं येतं. आणि रडायला लागली.

मी घाबरले. भिंगरी कोण म्हणून विचारलं, तर म्हणाली, माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिचं उत्तर ऐकायचं माझं राहून गेलं.

रागावू नकोस हं.

तुझी ठमी

१५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

साहेब मजकूर सांगत होते, आणि माझी पेन्सिल मध्येच थांबली. तीस वर्षांत पहिल्यांदा. भर ऑफिसात रडले बघ.

हे आईने मला का नाही सांगितलं? तो राग अजून आहे, आणि राहील. पण शनिवारी संध्याकाळी पोचते. बाबांना सांग, नाकाच्या शेंड्यावरचा राग जरा खाली उतरव म्हणावं, मीही उतरवते.

पत्रिकेतलं नाव राहू दे, फक्त पुकारू नका. काय बोलेन ते मला अजून ठाऊक नाही. मी अगदी शेवटच्या रांगेत बसेन आणि हात वर करीन. तू मला विचार.

तुझ्या आजीची,
भिंगरी